मधपेटीच्या तोंडाशी: उन्हाळ्यातला वारा आणि पाणी

मधमाश्यांच्या वसाहतीत जेथे पिलावा असतो, म्हणजे अंडी, अळ्या आणि कोष असतात, त्या भागाचे तापमान ३२ ते ३६ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राखलेले असते. बहुतेक वेळ ते ३५ अंशांच्या आसपास सापडते. बाहेर महाबळेश्वरची थंडी असो की चंद्रपूरचा मे महिना, या आकड्याला माश्या फारसा धक्का लागू देत नाहीत. त्यातही पिलाव्याला थोडी थंडी सोसते, उष्मा सोसत नाही. तापमान ३६ अंशांच्या वर रेंगाळले, की कोषातून चुरगळलेल्या पंखांच्या माश्या निघू लागतात आणि काही कोषातच मरतात. मर्यादेच्या आतल्या फरकालाही किंमत आहे. जर्मनीतील व्ह्यूर्ट्सबुर्ग विद्यापीठातील युर्गन टाउट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवून दिले, की ३६ अंशांत वाढलेल्या माश्यांच्या मानाने ३२ अंशांत वाढलेल्या माश्या शिकण्यात आणि नाचातून दिशा सांगण्यात उण्या पडतात.

घराचा प्रश्न पिलाव्यापुरता नसतो. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, पण त्याच्या बरेच आधी ते मऊ पडते. मधाने भरलेले कोवळे पोळे अशा वेळी स्वतःच्याच वजनाने खचते आणि पेटीच्या तळाशी मध, मेण व मेलेल्या माश्या यांचा लगदा होतो. उन्हाळ्यात पेटीच्या तोंडाशी जी गडबड दिसते, ती हे टाळण्यासाठी चाललेली असते.

उष्णता दोन्हीकडून येते. एक ऊन, दुसऱ्या खुद्द माश्या. मेलीफेरा या बाहेरून आणलेल्या पाळीव जातीच्या जोमदार वसाहतीत तीस ते साठ हजार माश्या असतात आणि त्यांतील प्रत्येकीच्या शरीरातून उष्णता बाहेर पडत असते. सातेरी या इथल्या मूळच्या पाळीव जातीची वसाहत बरीच लहान असते, आणि रानात ती झाडाच्या ढोलीत, कपारीत, जुन्या भिंतीच्या पोकळीत किंवा वारुळात राहते. या जागांना जाड भिंत आणि सावली असते. पातळ फळ्यांची पेटी उघड्या उन्हात मांडली, की माश्यांना रानात क्वचितच पडणारे काम रोज अंगावर येते. पेटीतील उन्हाळ्याची अडचण बरीचशी माणसानेच लावून दिलेली आहे, हे मधपालनाच्या पुस्तकांत पुरेसे ठळकपणे सांगितले जात नाही.

या अडचणीवरचा पहिला उपाय म्हणजे वारा घालणे. दार म्हणजे तळपाटाच्या पुढच्या कडेला ठेवलेली अरुंद फट. तिच्यासमोरच्या फळीवर काही माश्या सहाही पायांनी घट्ट धरून उभ्या राहतात आणि जागचे न हलता पंख चालवतात. पंखांचा वेग उडतानाच्या वेगापेक्षा कमी असतो, तरी डोळ्यांना पंख दिसत नाहीत. पाठीच्या दोन्ही बाजूंना फिकट धुके असल्यासारखे वाटते. पाय सैल पडले तर माशी पुढे सरकेल, म्हणून तिची सारी ताकद एकाच वेळी पंखांत आणि नख्यांत लागलेली असते. काही जणी काही सेकंदांत थांबतात, काही बराच वेळ टिकतात. थांबलेलीची जागा दुसरी घेते. बाहेरून दिसते ती या कामाची फक्त पहिली ओळ. दारातून आत, तळपाटावर आणि पोळ्यांच्या खालच्या कडांवरही माश्या पंख चालवत असतात.

या वाऱ्याची पहिली पद्धतशीर परीक्षा जिनिव्हाच्या फ्रांस्वा ह्यूबर यांनी केली. ते दृष्टिहीन होते. डोळ्यांचे काम त्यांच्यासाठी इतरांनी केले. १८१४ मध्ये निघालेल्या त्यांच्या ग्रंथाच्या वाढीव आवृत्तीत पोळ्यातील हवेवरचे प्रयोग आहेत. दाराशी कागदाचे कपटे, पिसे आणि कापूस टांगून त्यांनी वारा आत जातो की बाहेर येतो हे ताडून पाहिले होते. ही परीक्षा आजही कोणालाही करता येते. शेवरीच्या कापसाचा एक पुंजका दोऱ्याला बांधून दारासमोर धरला, की एका ठिकाणी तो बाहेर ढकलला जातो आणि बोटभर अंतरावर आत ओढला जातो.

वारा घालणारी माशी कोणत्याही जातीची असो, तिच्या पंखांनी हवा डोक्याकडून शेपटाकडे जाते. त्यामुळे ती कोणीकडे तोंड करून उभी आहे यावर सगळे ठरते. मेलीफेरा दाराकडे डोके आणि बाहेर पोट करून उभी राहते. तिचा वारा पेटीतील हवा बाहेर खेचतो. सातेरी नेमकी उलटी उभी राहते. तिचे डोके बाहेर आणि पोट दाराकडे असते, म्हणजे ती बाहेरची हवा आत ढकलते. दोन्ही जातींच्या पेट्या शेजारी शेजारी असतील तर हा फरक हातभर अंतरावरून, भिंग न घेता दिसतो. दोन इतक्या जवळच्या जातींनी एकच काम दोन विरुद्ध दिशांनी करावे, ही मधमाश्यांच्या वर्तनातील खास गोष्ट आहे.

सातेरीचा मध मेलीफेराच्या मधापेक्षा पातळ असतो, हे महाराष्ट्रातील मधपाळांना ठाऊक असते. त्याचा संबंध या उलट्या वाऱ्याशी लावण्याचा मोह होतो. पण सह्याद्रीतील ओलसर हवा, लहान वसाहत आणि पुरता न पिकता काढलेला मध ही कारणे इतकी समोर दिसणारी आहेत, की एकट्या वाऱ्यावर ठपका ठेवणे घाईचे ठरेल.

कोणी उभे राहायचे आणि कोठे, हे कोणी ठरवत नाही. राणी अंडी घालते. हुकूम सोडत नाही. प्रत्येक कामकरी माशीला आपापल्या अंगाला लागणारी ऊब तेवढी कळते. एका विशिष्ट उबेपलीकडे ती पंख चालवू लागते आणि ही मर्यादा प्रत्येकीची थोडी वेगळी असते. राणीचा समागम दहा-वीस नरांशी झालेला असतो, त्यामुळे एका पेटीतील माश्या वेगवेगळ्या बापांच्या लेकी असतात आणि बापाप्रमाणे ही मर्यादा बदलते. सिडनी विद्यापीठातील ज्युलिया जोन्स, बेंजामिन ओल्डरॉइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००४ मधील निष्कर्ष असा, की अनेक नरांची संतती असलेल्या वसाहतीत पिलाव्याचे तापमान एकाच नराच्या संततीच्या वसाहतीपेक्षा अधिक स्थिर राहते. सगळ्यांची मर्यादा एकच असती, तर ती ओलांडताच सगळ्या एकदम पंख चालवू लागल्या असत्या, पेटी गरजेपेक्षा थंड झाली असती, मग सगळ्या एकदम थांबल्या असत्या. बापांच्या विविधतेमुळे काम पायरीपायरीने वाढते आणि पायरीपायरीने उतरते.

शेजारणींचाही परिणाम होतो. अमेरिकेतील कोलोराडो विद्यापीठातील चेल्सी कुक आणि मायकेल ब्रीड यांनी २०१३ मध्ये माश्यांना जाळीच्या लहान पिंजऱ्यांत ठेवून हळूहळू तापवले. एकटी ठेवलेली माशी क्वचितच वारा घालते. दहा जणींच्या घोळक्यात हे प्रमाण वाढते. पिंजरा तोच, उष्णता तीच, फक्त सोबत बदलली.

दाराच्या लांबीवर या माश्या सारख्या पसरत नाहीत, ठरावीक जागी गोळा होतात. हार्वर्ड विद्यापीठातील जेकब पीटर्स, ओरित पेलेग आणि एल. महादेवन यांनी २०१९ मध्ये याचा उलगडा मांडला. दाराच्या ज्या भागातून गरम हवा बाहेर पडत असते तेथे माश्यांना अधिक ऊब लागते, म्हणून त्या तेथेच पंख चालवतात. त्यांच्या वाऱ्याने तेथूनच आणखी गरम हवा निघते आणि आणखी माश्या येतात. उरलेल्या भागातून बाहेरची हवा आत शिरते आणि तो भाग त्या मानाने गार राहतो, म्हणून तेथे कोणी उभी राहत नाही. एकाच फटीचे असे येण्याचे आणि जाण्याचे भाग पडतात. दोन प्रवाह एकमेकांना अडवत नाहीत आणि कोणालाही पूर्ण दाराची कल्पना असावी लागत नाही.

हा उलगडा मेलीफेराचा आहे, हे विसरता कामा नये. मेलीफेराच्या अंगावरून पेटीतून निघणारी हवा जाते, म्हणून आतल्या उष्म्याची खबर तिला जागच्या जागी मिळते. सातेरीच्या अंगावरून जाते ती बाहेरची हवा. तिला मिळणारी खबर आवाराची असते, घराची नव्हे. तेव्हा मेलीफेरावरून काढलेला नियम सातेरीला जसाच्या तसा लागू पडणार नाही, एवढे तर्कानेही सांगता येते. प्रयोगशाळांतील बहुतेक काम मेलीफेरावर झाले आहे आणि मराठी मुलुखातील मूळची पाळीव माशी मात्र सातेरी आहे. इकडच्या मधपाळाने पुस्तकातले वाक्य उचलण्यापूर्वी आपल्या पेटीच्या दाराशी वाकून माशीचे डोके कोणीकडे आहे ते पाहावे, हे बरे.

नुसत्या वाऱ्याने मात्र सगळे भागत नाही. बाहेरची हवा पेटीतल्या हवेपेक्षा थंड असेल तोवर वारा उपयोगी. बाहेर ४४ अंश असताना आत हवा खेळवली, तर ३५ अंशांची पेटी तापतच जाईल. येथून पुढे काम पाण्याचे. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्च होते. माश्या पाण्याचे बारीक थेंब कोठड्यांच्या कडांवर आणि झाकणांवर पसरतात. काही जणी थेंब सोंडेच्या घडीत धरून सोंड पुन्हा पुन्हा लांबवतात आणि आखडतात, त्यामुळे पाण्याचा पातळ पापुद्रा हवेला लागतो. वाफ झाली, की ती बाहेर काढायला पुन्हा वारा लागतोच. अशा उष्म्यात वारा आणि पाणी यांतील एकही सुटले तर दुसऱ्याचा उपयोग राहत नाही.

कार्ल फॉन फ्रिश यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर यांनी १९५०च्या दशकात याची टोकाची परीक्षा घेतली. इटलीत सालेर्नोजवळच्या लाव्हाच्या उघड्या पठारावर त्यांनी एक पेटी भर उन्हात ठेवली. तेथे तापमान ७० अंशांपर्यंत चढले. जवळ पाणी मिळत होते तोवर माश्यांनी आतले तापमान ३५ अंशांच्या आसपास राखले.

पाणी आणणाऱ्या माश्या दाराशी ओळखता येतात. त्यांच्या मागच्या पायांवर परागाच्या गोळ्या नसतात, पोट फुगलेले आणि थोडे पारदर्शक दिसते, आणि उतरताना त्या फळीवर जडपणे टेकतात. मेलीफेराची एक खेप साधारण ५० मिलिग्रॅमची धरली, तर एक लिटर पाण्याला वीस हजार खेपा लागतात. भर उन्हाळ्यात जोमदार वसाहत एका दिवसात एवढे पाणी आणू शकते. दुपारी फुलांकडे जाणाऱ्या माश्या कमी होतात आणि मकरंद-परागाचे काम सकाळ-संध्याकाळवर जाते. ऊन चढले की ये-जा उरते ती बरीचशी पाण्याची. रस्त्यातला उष्मा माशी स्वतःवरही असाच निभावते. बर्न्ड हाइनरिख यांनी १९७९ मध्ये दाखवले, की तापलेल्या हवेत उडणारी माशी पोटातला द्रव थेंबाच्या रूपाने तोंडाशी आणते आणि त्याच्या बाष्पीभवनाने डोके थंड ठेवते.

पाणी पुरे झाले की आणखी हवे, हे बाहेर फिरणाऱ्या माशीला कसे कळते? लिंडाउअर यांना याचे उत्तर दाराच्या आतल्या बाजूला मिळाले. पाणी आणणारी ते स्वतः पसरत नाही. घरात थांबलेल्या माशीच्या तोंडी देते. आत उष्मा असला की घेणाऱ्या अधीर असतात, माशी आत शिरताच दोघी-तिघी तिच्या तोंडाशी सोंड नेतात आणि खेप झटक्यात रिकामी होते. अशा वेळी ती लगेच परत फिरते, कधी नाचून इतरांनाही पाण्याकडे धाडते. गरज ओसरली की घेणारी शोधावी लागते. वाट पाहण्याचा वेळ वाढला, की ती पाणी आणणे सोडते. आतले तापमान तिला मोजावे लागत नाही. तिचे ओझे किती वेळात उतरते एवढेच तिला कळते.

आतल्या काही माश्यांचे काम वेगळेच असते. पेटीची भिंत एका जागी तापली, की माश्या त्या जागेला पोटाकडील बाजूने चिकटून राहतात आणि तिची उष्णता स्वतःच्या अंगात घेतात. फिलिप स्टार्क्स आणि डेव्हिड गिली यांनी १९९९ मध्ये हे वर्तन नोंदवले. पुढे स्टार्क्स यांच्याच प्रयोगशाळेत असे आढळले, की या माश्या ती उष्णता घेऊन पेटीच्या थंड भागाकडे सरकतात. दाराशी उभ्या असलेल्या माणसाला यातले काहीही दिसत नाही.

कोकण आणि विदर्भ यांतील फरक येथे स्पष्ट होतो. नागपूरच्या घरात दुपारी वाळ्याचे तट्टे लावलेला कूलर जे काम करतो, ते रत्नागिरीत करत नाही. पेटीतील पाण्याचीही तीच गत आहे. विदर्भात ४५ अंशांची कोरडी हवा ओल्या पृष्ठभागावरून गेली, तर तो पृष्ठभाग पंचवीस अंशांच्या आसपास उतरू शकतो. म्हणजे पाणी मिळाले तर वसाहतीच्या हातात मोठा वाव असतो, आणि न मिळाले तर वारा घालणे उलट अंगाशी येते. किनाऱ्यावर पारा ३३-३४ अंशांपुढे फारसा जात नाही, पण हवा आधीच दमट असते. तेथे पाण्याचा लाभ थोडा. आतल्या माश्यांची स्वतःची उष्णता एक-दोन अंशांच्या फरकावर बाहेर काढायची, तर हवाच भरपूर खेळवावी लागते. म्हणून दोन्हीकडच्या पेट्यांच्या दाराशी एकच दृश्य शोधू नये: दमट मुलुखात पंख चालवणाऱ्यांवर भार अधिक, कोरड्यात पाणी आणणाऱ्यांवर.

वारा आणि पाणी दोन्ही अपुरे पडू लागले, की माश्या घराबाहेर येऊन बसतात. दुपार कलल्यावर दारापासून सुरुवात होऊन पेटीच्या समोरच्या भिंतीवर माश्यांचा थर जमतो आणि फळीखाली त्यांचा घोस लोंबू लागतो. एकीने दुसरीचे पाय धरलेले असतात आणि घोसात फारशी हालचाल नसते. याने दोन गोष्टी साधतात. तेवढ्या अंगांची ऊब घराबाहेर जाते, आणि पोळ्यांमधल्या आठ-नऊ मिलिमीटरच्या वाटा मोकळ्या होऊन वारा पिलाव्यापर्यंत पोहोचतो. फळ्या तापलेल्या असल्यामुळे घोस सूर्यास्तानंतरही राहतो. उत्तररात्री हवा निवली की माश्या हळूहळू आत जातात.

नवखा मधपाळ हा घोस पाहून थवा निघणार म्हणून धास्तावतो. थव्याची खूण दाराशी नसून आत असते: पोळ्याच्या कडेला राणीघरे बांधलेली दिसतात. उष्म्याचा घोस रोज संध्याकाळी येतो, सकाळी मावळतो, आणि सकाळचे काम नेहमीसारखे चालते. त्याला धूर देऊन आत घालणे हा शुद्ध अपराध होय. ज्या कारणासाठी माश्या बाहेर आल्या तेच त्यांच्यावर पुन्हा लादले जाते.

सातेरीच्या बाबतीत धास्तीचे खरे कारण वेगळे आहे. उष्मा, फुलांचा दुष्काळ आणि पाण्याची ओढ एकत्र आली, की ती घोस करून बसत नाही, घरच सोडते. आधी राणीचे अंडी घालणे मंदावते, पिलावा आटतो, साठवलेला मध संपत येतो. मग एखाद्या दिवशी सगळी वसाहत उठून जाते आणि मागे कोरडी पोळी उरतात. थव्यात अर्ध्या माश्या जातात, गृहत्यागात सगळ्या. मेलीफेरात हे प्रमाण फार कमी असते.

पंख चालवणारी प्रत्येक माशी उष्म्यासाठीच उभी आहे असे नाही. पोट वर उचलून, शेपटाजवळची गंधग्रंथी उघडी करून पंख चालवणारी माशी वास पसरवत असते. भरकटलेल्या सोबतिणींना घराचे दार दाखवणे हे तिचे काम. उष्म्यातील माशीचे पोट उचललेले नसते आणि ग्रंथी बंद असते. फुलोरा भरात असताना रात्री गार हवेतही दाराशी पंखांची घरघर ऐकू येते: मकरंदातले पाणी वीस टक्क्यांखाली आणून त्याचा मध करायचा असतो. आत कर्बवायू साठला तरी माश्या वारा घालतात. थॉमस सीली यांनी हे १९७० च्या दशकातच दाखवले आहे. आणखी एक प्रकार मात्र अजून कोड्यात आहे. उन्हाळ्यात मेलीफेराच्या पेटीच्या पुढच्या भिंतीवर माश्या ओळीने उभ्या राहून, मागेपुढे झुलत, तोंडाने आणि पुढच्या पायांनी पृष्ठभाग खरवडत राहतात. साफसफाई, मेणाचा लेप असे बरेच अंदाज झाले. एकही पक्का ठरलेला नाही.

आग्या आणि फुलोरी या जातींच्या मधमाश्यांना दारच नसते. त्यांचे एकच पोळे उघड्यावर लोंबते. कड्यावरच्या आग्यामोहोळात माश्यांचा पडदाच भिंतीचे काम करतो, उष्म्यात तो विरळ होतो. या माश्यांचा एक उपाय अंगणातल्या कपड्यांवर पिवळ्या ठिपक्यांच्या रूपाने पडतो. हजारो माश्या एकदम उडून विष्ठा टाकतात, त्याबरोबर अंगातले पाणी आणि साठलेली उष्णताही जाते. मलेशियातील आग्या माश्यांवर काम करून मखझिर मर्दान आणि पीटर केव्हन यांनी १९८९ मध्ये हा अर्थ लावला. त्याआधी काही वर्षे आग्नेय आशियातील असेच पिवळे ठिपके रासायनिक अस्त्राचा पुरावा म्हणून जगभर गाजले होते.

दाराशी दिसणाऱ्या या खुणांवरून मधपाळाची कामे ठरतात. पेटी सावलीत हवी, विशेषतः दुपारनंतरच्या उन्हापासून आडोशाला. दार उन्हाळ्यात पूर्ण उघडे ठेवावे. हिवाळ्यात लहान केलेले दार मार्च उजाडला तरी तसेच राहून जाते, ही नेहमीची चूक. झाकणावर ओले गोणपाट टाकणे कोरड्या हवेत गुणकारी, दमट हवेत जवळजवळ निरुपयोगी. वरच्या भागात मनाला येईल तसे भोक पाडू नये, कारण माश्यांनी बसवलेल्या हवेच्या वाटा त्याने मोडतात. मध काढताना उन्हाळ्यापुरता मागे ठेवावा, सातेरीचा तर नक्कीच.

पाणी उथळ भांड्यात, बुडू नये म्हणून खडे किंवा काटक्या टाकून, सावलीत ठेवावे. ते पेटीला अगदी चिकटून नको, पण शिवाराच्या पलीकडेही नको. मुंग्यांसाठी पेटीच्या पायांखाली ठेवलेल्या वाट्यांतले पाणी हिशेबात धरू नये; त्यात माश्या बुडून मरतात. भांडे उन्हाळा लागण्यापूर्वी, फेब्रुवारीतच मांडलेले बरे. माश्यांना एकदा गळक्या नळाची, गुरांच्या हौदाची किंवा औषध मारलेल्या शेताच्या पाटाची सवय लागली, की एप्रिलमध्ये पेटीजवळ ठेवलेल्या स्वच्छ पाण्याकडे त्या सहसा ढुंकूनही पाहत नाहीत.